पुनरुत्थानाला पुरावा काय? ख्रिस्ती श्रद्धा डोक्याला पटते का?

तंतुवाद्य_मिरज (धागाकर्ती):

मागं एका धाग्यात कुणीतरी लिहिलं होतं की ख्रिस्ती लोकांना पुरावा विचारला की ते बायबल पुढं करतात, आणि बायबल खरं कशावरून असं विचारलं की परत बायबलच पुढं करतात. तिथं विषय वेगळा होता म्हणून गप्प बसले, पण हे असंच सोडून द्यायचं नाहीये मला, कारण माझा विश्वास असा गोल गोल फिरणारा नाही आणि ज्यांचा तसा आहे त्यांच्याशीही माझं भांडण आहे. मी मिरजेची, आमच्या घरात पणजोबांपासून सगळे ख्रिस्ती, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. दिवसभर स्लाइड आणि रिपोर्ट, आणि तिथं 'मला वाटलं म्हणून लिहिलं' असं चालत नाही.

तर ख्रिस्ती श्रद्धा एका घटनेवर उभी आहे, नुसत्या शिकवणीवर नाही. प्रेम करा, क्षमा करा हे इतरांनीही सांगितलंय, आपल्या संतांनी तर किती गोड करून सांगितलंय. पण पौल या सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती प्रचारकाने करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे करिंथकरांना, जे पहिलं पत्र लिहिलं त्याच्या १५व्या अध्यायात तो स्पष्ट म्हणतो की ख्रिस्त मेलेल्यांतून उठलाच नसेल तर आमचं सांगणं फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. म्हणजे आमच्याच धर्मग्रंथात लिहून ठेवलंय की ही एक गोष्ट खोटी निघाली तर सगळं खोटं. मग ती तपासायला आम्ही भ्यायचं कशाला?

आता बायबलच्या बाहेर काय आहे ते बघू. टॅसिटस नावाचा रोमन इतिहासकार, याने इ.स. ११६ च्या सुमारास लिहिलंय की तिबेरियस सम्राटाच्या काळात पंतय पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला. हा माणूस ख्रिस्ती लोकांचा मित्र नव्हता, त्यांच्या धर्माला तो घातक अंधश्रद्धाच म्हणतो, त्यामुळं त्यानं आपली बाजू घ्यायचं कारण नाही. योसेफस हा यहुदी इतिहासकार इ.स. ९३ च्या आसपास येशूचा उल्लेख दोन ठिकाणी करतो. त्यातल्या एका उताऱ्यात पुढच्या काळातल्या ख्रिस्ती लोकांनी भर घातलेली आहे हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात आणि मीही करते, पण दुसरा उल्लेख, 'ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ याकोब' याला दगडमार करून मारल्याचा, तो बहुतेक सगळे खरा धरतात. बिथुनिया या रोमन प्रांताचा सुभेदार प्लिनी ११२ च्या सुमारास सम्राट त्रायानला पत्र लिहून विचारतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून गाणी म्हणतात, यांचं काय करू.

यावरून पुनरुत्थान सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण येशू नावाचा माणूस होऊन गेला आणि पिलाताच्या हुकुमाने क्रुसावर मेला, इथपर्यंत इतिहास घट्ट आहे. बार्ट अर्मन स्वतः देव न मानणारे अमेरिकन अभ्यासक आहेत, तेसुद्धा येशू झालाच नाही म्हणणाऱ्यांना खोडून काढतात.

पुढचा भाग माझ्या जास्त जिव्हाळ्याचा. करिंथकरांचं पत्र साधारण ५३ ते ५५ सालचं, म्हणजे क्रुसानंतर पंचवीसेक वर्षांनी लिहिलेलं. पण त्याच १५व्या अध्यायात पौल म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, आणि मग एक यादी येते: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याला दिसला, बारा जणांना, पाचशेहून जास्त बांधवांना, याकोबाला, आणि शेवटी मला. वाचताना कळतं की हे आधीपासून तोंडी चालत आलेलं आहे. पौलाला ते कुणाकडून मिळालं असेल? गलतीकरांच्या पत्रात तोच सांगतो की मी यरुशलेमला जाऊन केफाकडं पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. म्हणजे येशू ज्यांना भेटला असं म्हणतात त्यातल्या दोघांशी हा समोरासमोर बसून बोललाय. आणि हा कोण, तर आधी ख्रिस्ती लोकांना पकडून नेणारा. याकोबाचंही तसंच, येशू हयात असताना त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते असं योहानाच्या शुभवर्तमानात (मत्तय, मार्क, लूक, योहान अशी येशूची चार चरित्रं बायबलात आहेत, त्यांना आम्ही शुभवर्तमानं म्हणतो) आहे, आणि पुढं हाच याकोब यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी होतो आणि इ.स. ६२ मध्ये मारला जातो, हे योसेफस सांगतो. एक विरोधक आणि एक घरचाच न मानणारा, या दोघांचं मन कशानं फिरलं?

माझं उत्तर तुम्हाला माहितीच आहे. पण तुमचं काय ते मनापासून ऐकायचंय.

अजिंक्यतारा:

ताई, आधी हे सांगतो की असा मांडलेला धागा बघून बरं वाटलं. मी साताऱ्याचा, निवृत्त शिक्षक, विज्ञान शिकवायचो. डॉ. दाभोलकर आमच्याच गावचे, त्यांच्या शिबिरांना तरुणपणी गेलोय, आणि देव मानायला त्यांची हरकत नव्हती पण देवाच्या नावानं होणाऱ्या शोषणाला होती, हे इथं लिहून ठेवतो म्हणजे मी तुमच्या श्रद्धेवर तुटून पडतोय असं कुणाला वाटायला नको.

येशू झाला, क्रुसावर मेला, मला मान्य. पौल प्रामाणिक होता हेही मान्य. पण तुमच्या यादीत एक गोष्ट बघा, पौल सगळ्यांसाठी 'दिसला' हेच म्हणतो, आणि स्वतःलाही त्याच रांगेत बसवतो. पौलाला जे झालं तो आकाशातला प्रकाश आणि आवाज, असं बायबलातल्याच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे. मग केफाला जे झालं ते वेगळं कशावरून? घरातलं माणूस गेल्यावर ते दिसणं, हाक ऐकू येणं, हे जगभर नोंदलेलं आहे, त्यात वेडेपणा नाही आणि खोटेपणाही नाही. गेर्ड ल्युडेमान म्हणून जर्मन अभ्यासक होते, ते म्हणायचे की पेत्राला आणि शिष्यांना असे अनुभव आले हे ऐतिहासिकदृष्ट्या पक्कं, पण ते अनुभव मनातले. मला हे पटतं.

दुसरं, शुभवर्तमानांतली विसंगती. मार्कची सगळ्यात जुनी चांगली हस्तलिखितं, सिनाई आणि व्हॅटिकनवाली, १६व्या अध्यायाच्या ८व्या वचनाला थांबतात, बायका घाबरून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. उठलेला येशू तिथं कुणाला भेटतच नाही, त्यापुढची वचनं नंतरची आहेत. मत्तयात शिष्यांना येशू गालीलात भेटतो, लूकमध्ये यरुशलेमात भेटतो आणि वर शहर सोडू नका म्हणतो. मत्तय २७ मध्ये तर येशू मेला तेव्हा कबरी उघडून पुष्कळ संत उठले आणि नंतर शहरात जाऊन पुष्कळांना दिसले असं लिहिलंय. अख्ख्या शहरात मेलेली माणसं फिरली आणि योसेफसला पत्ता नाही, बाकीच्या तीन शुभवर्तमानांनाही नाही?

तिसरं, ह्यूम या तत्त्वज्ञाने १७४८ मध्ये मांडलेला मुद्दा. चमत्काराची साक्ष मानायची तर ती साक्ष खोटी असणं हे त्या चमत्कारापेक्षाही अशक्य वाटलं पाहिजे. दोन हजार वर्षांपूर्वीची काही माणसं चुकली, हे मला मेलेलं शरीर उठण्यापेक्षा कितीतरी सोपं वाटतं. मग सोपं सोडून अवघड का धरायचं?

हळदपेठ_सांगली:

दोघांचंही वाचलं, लई भारी चर्चा. मी वारकरी, घरात माळ आहे, अडत दुकान आहे आमचं. एकच विचारतो आणि खरंच विचारतो, टोमणा न्हाय.

आमचे तुकोबा सदेह वैकुंठाला गेले. इ.स. १६५० च्या आसपासची गोष्ट, म्हणजे येशूपेक्षा कितीतरी जवळची. बीजेला देहूला लाखो माणूस जातंय. ताई, तुमच्या प्रभूसाठी जी फूटपट्टी लावता ती आमच्या तुकोबाला लावणार का? लावली तर काय येतंय आणि न्हाय लावली तर का न्हाय? कारण मला असं वाटतंय की प्रत्येकजण आपल्या घरच्या चमत्काराला पुरावा म्हणतो आणि दुसऱ्याच्या चमत्काराला कथा.

वचन_तासगाव:

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. ताई तुम्ही एवढे पुरावे कशाला देत बसता, जिवंत देव आज पण काम करतो. आमच्या प्रार्थना सभेत एका बहिणीचा कॅन्सर प्रार्थनेने गेला, तेल लावून प्रार्थना केली आणि डॉक्टर पण थक्क झाले. जे डोळ्यांनी दिसतं त्याला इतिहास कशाला पाहिजे. बुद्धीने देव सापडत नाही, बुद्धी गर्वाकडे नेते.

तंतुवाद्य_मिरज:

वचनदादांना आधी, कारण हे माझ्या कामातलं आहे.

दादा, तुमच्या त्या बहिणी बऱ्या झाल्या असतील तर मला मनापासून आनंद आहे. पण कॅन्सर होता हे कशावरून कळलं? बायोप्सी झाली होती का, स्लाइड कुणी बघितली, प्रार्थनेच्या आधी ऑपरेशन, किमो, लाइट काही झालं होतं का, आणि आता सगळं साफ आहे हे कुठल्या स्कॅनवरून? हे मी तुमचा अपमान करायला विचारत नाही. सभेतून परत आल्यावर गोळ्या बंद केलेली माणसं आमच्या काउंटरला येतात दादा, गाठ केवढी झालेली असते, आणि तोवर हातात काही राहिलेलं नसतं. एक बाई आल्या होत्या, पदराखाली कपडा बांधून झाकलेलं, दुर्गंधी येत होती, आणि त्या मला सांगत होत्या की पाळकांनी सांगितलंय आता औषध घेतलं तर अविश्वास होईल. याला विश्वास म्हणायला माझी जीभ वळत नाही. ज्या मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं त्या गावात मी वाढले. ते मिशनरी होते, प्रार्थना करायचे आणि चाकूही चालवायचे, एकानं दुसरं खोटं ठरतं असं त्यांना कधी वाटलं नाही. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीला त्यांचंच नाव आहे, तिथं क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं.

कॅथलिक लोकांचं फ्रान्समधलं लूर्द हे तीर्थ बघा. १८५८ पासून तिथं लाखो आजारी जातात, बरं झाल्याचे दावे हजारोंनी आहेत, १८८३ पासून तिथं डॉक्टरांचं तपासणी कार्यालय आहे, आणि चर्चने अधिकृत चमत्कार म्हणून मान्य केलेल्या केसेस आजवर सत्तरच्या आसपास. त्या सत्तरही तुम्ही मानू नका असं सर म्हणतील, ते वेगळं, पण निदान तपासायची लाज तरी त्यांना वाटली नाही. बुद्धीनं गर्व होतो म्हणता, तर पूर्ण बुद्धीनं देवावर प्रीती कर ही आज्ञा येशूनंच सांगितलेली आहे.

आता हळदपेठदादा. तुमचा प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. हो, तीच फूटपट्टी लावायची. कोण सांगतंय, किती लवकर सांगतंय, आधी विरोधात असलेलं कुणी त्यात आहे का, आणि सांगितल्यावर त्यांना काय भोगावं लागलं. तुकोबांच्या बाबतीत ते तपासायचा अधिकार माझ्यापेक्षा तुमचा आणि तिथल्या अभ्यासकांचा जास्त, मी बाहेरून निकाल देणार नाही. एवढं मात्र म्हणेन की उद्या कुणी सिद्ध केलं की तुकोबा सदेह गेले नाहीत, तर गाथेतला एक अभंग तरी कमी होईल का? इंद्रायणीकाठी जे मिळतं ते त्यानं हलणार नाही. आमचं तसं नाही. येशू उठला नसेल तर डोंगरावरचं प्रवचन, म्हणजे त्याची शिकवण उरेल, पण ख्रिस्ती विश्वास उरत नाही, पौलच तसं म्हणतो. म्हणून आम्हाला हा पुरावा चिवटपणे धरून बसावं लागतं, तुम्हाला तो न धरताही चालतं. फरक मला इथं दिसतो, आमचं खरं नि तुमचं कथा असं मला म्हणायचं नाही.

सरांना सविस्तर लिहिते, उद्या. ड्युटी आहे.

हळदपेठ_सांगली:

ताई, पटलं म्हणत न्हाय पण उत्तर सरळ दिलंत, ते आवडलं. गाथा हलत न्हाय हे एकदम बरोबर.

अजिंक्यतारा:

प्रार्थनेवर एक भर घालतो, वचनदादांनीही वाचावं. २००६ मध्ये अमेरिकेत एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला, हृदयाच्या बायपासचे १८०२ पेशंट, सहा हॉस्पिटलं, तीन गट. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण त्यांना खात्रीनं माहीत नव्हतं त्यांच्यात ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यात ५१, आणि प्रार्थना होतेय हे ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात ५९. म्हणजे फायदा शून्य.

तंतुवाद्य_मिरज:

सर, हा अभ्यास मला माहितीय, चांगला केलेला आहे, मी त्यात खुसपट काढणार नाही. प्रार्थना म्हणजे डोस दिला की परिणाम दिसला पाहिजे असं जे समजतात त्यांना हे उत्तर आहे. येशूनं पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून प्रार्थना केली आणि तो टळला नाही, हे आमच्याच पुस्तकात आहे.

आता तुमचे तीन मुद्दे.

विसंगती आहे. मार्कचा शेवट नंतर जोडलेला आहे, योहानातली व्यभिचारी बाईची गोष्टही सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाही, आमच्या मराठी बायबलांच्या कितीतरी आवृत्त्यांत तिला कंस आहे. याहून वाईट एक मीच सांगते. लूक म्हणतो येशूचा जन्म क्विरीनियाच्या शिरगणतीच्या वेळचा, ती इ.स. ६ मधली, आणि मत्तय म्हणतो हेरोद राजा असताना, तो ख्रिस्तपूर्व ४ मध्ये वारला. आमच्यातले लोक याची नाना उत्तरं देतात, मला एकही नीट पटलेलं नाही. मत्तयातले उठलेले संत, तेही मी इतिहास म्हणून तुमच्यासमोर ठेवणार नाही. पण माझा आधार चारही शुभवर्तमानं प्रत्येक ओळीला बिनचूक आहेत यावर नाहीच. साक्षीदारांच्या तपशिलात फरक आणि मूळ गोष्टीत एकमत, हे कुठल्याही कोर्टात बघायला मिळतं. चारीही ठिकाणी कबरीपाशी आधी बायका जातात, चारीही ठिकाणी मरिया मग्दालिया आहे. त्या काळी बायकांची साक्ष धरू नये असं योसेफस लिहितो. गोष्ट रचायचीच होती तर पहिला साक्षीदार पेत्र केला असता ना?

पुरण्याचा मुद्दा तुम्ही काढला नाही, पण काही अभ्यासक म्हणतात की क्रुसावरचे मृतदेह पुरायला देतच नसत, कुत्री-गिधाडं खायची, मग रिकामी कबर कुठली. १९६८ मध्ये यरुशलेमच्या उत्तरेला कुटुंबाच्या कबरीतली अस्थिपेटी सापडली, पेटीवर योहानान असं नाव कोरलेलं, आणि आत टाचेचं हाड, त्यात लोखंडी खिळा आरपार तसाच. खिळ्याचं टोक वाकलेलं, त्यामुळं हाडातून तो निघाला नाही आणि घरच्यांनी तसाच पुरला. मी त्याचा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा किती वेळ त्या वाकलेल्या टोकाकडंच बघत होते. साडेअकरा सेंटीमीटरचा खिळा. कुणाचा तरी मुलगा तो. म्हणजे क्रुसावर मेलेल्या माणसाला निदान एकदा तरी घरच्यांनी रीतसर पुरलंय. येशूचंही तसंच झालं हे यावरून सिद्ध होत नाही, पण अशक्य होतं असंही म्हणता येत नाही.

आता 'दिसला'. आपलं माणूस गेल्यावर ते दिसतं, हे मला मान्य, आमच्या आजीला आजोबा दिसायचे. पण आजी कधी म्हणाली नाही की आजोबा कबरीतून उठले. उलट तिला माहीत होतं की ते गेलेत, म्हणून तर ती रडायची. यहुद्यांकडंही मेलेल्याचा आत्मा वगैरे कल्पना होत्याच, तसं काहीतरी म्हणून ते मोकळे झाले असते. ते म्हणाले 'उठला', जो शब्द त्यांच्याकडं जगाच्या शेवटी सगळे मेलेले उठतील त्यासाठी राखलेला होता, मधेच एकट्या माणसासाठी असं काही कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. आणि पौल तर शोक करणारा नव्हताच, त्याला येशू गेल्याचं दुःख कसलं?

ह्यूमबद्दल. देव नाहीच असं आधी ठरवलं तर साक्ष कितीही चांगली असली तरी ती चूकच ठरणार. देव असू शकतो एवढं दार किलकिलं ठेवलं तर मग साक्षीला वजन येतं. मी ते दार उघडं ठेवते, तुम्ही बंद ठेवता, आणि मला वाटतं आपल्या दोघांत खरा फरक पुराव्यापेक्षा जास्त तिथं आहे.

पोवईनाका:

चर्चा उच्च चाललीय पण मूळ मुद्दा कुणीच बोलत नाही. दुष्काळात धान्य देऊन लोकांना बाटवलं, शाळा-दवाखान्याच्या आडून धर्म वाढवला. तिथं कुठला टॅसिटस आणि कुठला ह्यूम वाचून लोक ख्रिस्ती झाले?

वाईकर_पसरणी:

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून लिहितो. १८७६ ते ७८ चा दुष्काळ भयानक होता आणि त्या काळात मिशनऱ्यांकडं बरीच माणसं गेली हे खरंय. पण सगळेच तसे गेले असं नाही. नीळकंठशास्त्री गोरे काशीत मिशनऱ्यांचं खंडन करायला निघाले आणि वाद घालता घालता १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन बसले. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर ज्या ननांनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच त्रैक्यावरून, म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा असा एकच देव या शिकवणीवरून, पत्रांतून भांडल्या, पटल्याशिवाय मानणार नाही म्हणाल्या. पुढं केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते छापून झालं १९२४ मध्ये, त्या गेल्यावर दोन वर्षांनी.

आणि उलट बाजूही सांगतो, १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते, ऐकायला गर्दी व्हायची. म्हणजे धर्म तपासून घ्यायची ही रीत आपल्याकडं चांगली जुनी आहे.

रेव्हरंड टिळकांचं मात्र वेगळं. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका परक्या माणसानं नवा करार दिला, ते डोंगरावरच्या प्रवचनावर अडकले आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तिथं पुरावा बिरावा काही नाही, येशू आवडला. नंतर १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते आपल्या साताऱ्यातच देवाचा दरबार मांडून बसले, बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले सगळे चालतील म्हणून. त्यामुळं ताईंना माझा प्रश्न असा की हे सगळे युक्तिवाद माणूस आधी ख्रिस्ती झाल्यावर सुचतात की आधी?

तंतुवाद्य_मिरज:

पोवईनाका, माझे पणजोबा दुष्काळातच आले असतील, मी लपवत नाही. गावकुसाबाहेरचं घर होतं आमचं, विहिरीवर चढू देत नव्हते, आणि मिशनच्या शाळेत पाटी हातात दिली. तुम्ही त्याला आमिष म्हणा, त्यांना ते माणूस म्हणून पहिल्यांदा कुणी विचारलेलं वाटलं. पण पणजोबा कशामुळं आले यावरून येशू उठला की नाही हे कसं ठरणार? तुम्ही हिंदू आहात ते हिंदू घरात जन्मलात म्हणून, त्यावरून गीता खरी किंवा खोटी ठरते का?

वाईकर, तुमचं बरोबर आहे. बहुतेक माणसं टिळकांसारखीच येतात. मी पण पुरावा वाचून विश्वास ठेवलेला नाही, 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातली टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर ऐकत मोठी झाले. पण नंतर प्रश्न पडले आणि तेव्हा मी स्वतःला विचारलं की हे फक्त आवडतंय की खरंही आहे. वाचन तेव्हा सुरू झालं. कारणं मागाहून सापडली म्हणून ती खोटी होत नाहीत ना.

संपादक:

धर्मांतरावर वेगळा धागा काढावा. इथं विषयाला धरून लिहा.

कोयनाखोरे:

वाचतोय पहिल्यापासून. मी पाटण तालुक्यातला. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून गेलेले, कोयनानगरचा भूकंप. आमच्या घरातली तीन माणसं गेली, त्यात आत्या होती, तान्ही. झोळीत होती. वडील तेव्हा नऊ वर्षांचे, ढिगारा उपसायला तेही होते. पुढं आयुष्यभर देवळात पाऊल टाकलं नाही त्यांनी. मला टॅसिटस समजत नाही ताई. तुमचा देव आहे आणि प्रेमळ आहे आणि सगळं करू शकतो, तर झोळीतलं लेकरू कशाला?

तंतुवाद्य_मिरज:

दादा, याचं उत्तर माझ्याकडं नाही. देव नाही म्हणणाऱ्यांच्या हातातला सगळ्यात जड मुद्दा हाच आहे आणि मी तो हलका करणार नाही.

फक्त एक, कारण आमचेच लोक अशा वेळी फार वाईट बोलतात. भूकंप म्हणजे पापाची शिक्षा असं कुणी तुमच्या वडिलांना सांगितलं असेल तर ते येशूच्या विरुद्ध बोलले. लूकच्या १३व्या अध्यायात आहे, शिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, आणि येशू विचारतो की ती यरुशलेममधल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला, आणि स्वतःच म्हणतो, नाही. १९३४ मध्ये बिहारचा भूकंप झाला तेव्हा गांधीजी त्याला अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हणाले आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला जाहीर विरोध केला. मी ठाकुरांच्या बाजूची आहे. कोयनेला तर धरणाच्या पाण्याचा जमिनीवर आलेला ताण हे कारण असं बरेच शास्त्रज्ञ मानतात, त्यात आत्याचा काय दोष आणि गावाचा काय.

मी ज्या देवाला मानते तो खिळे ठोकून मारला गेलेला आहे, म्हणून मला निदान त्याच्याशी या विषयावर बोलता येतं, भांडताही येतं. तुमच्या वडिलांना हे पुरलं नसतं आणि पुरायलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही.

कोयनाखोरे:

भांडता येतं म्हणालात ते वडिलांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले तिला सांग भांडणं सोडू नको.

अजिंक्यतारा:

कोयनाखोरे, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार.

ताई, दाराचा मुद्दा मान्य, पण माझं दार बंद नाही. मला असं वाटतं की देव असला तरी त्यानं एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीसाठी पौलाची एक यादी आणि चार विसंगत वृत्तांत एवढंच मागं ठेवावं हे पटत नाही. आणखी एक, नेता मेला किंवा खोटा निघाला की चळवळ संपते असं नसतं. शब्बताई झ्वी हा यहुदी १६६६ मध्ये मशीहा, म्हणजे देवानं पाठवलेला तारणारा, म्हणून गाजला, तुर्की सुलतानानं पकडल्यावर चक्क मुसलमान झाला, तरी त्याचे काही अनुयायी पुढं पिढ्यान्‌पिढ्या त्यालाच मशीहा मानत राहिले. माणसाचं मन निराशेतून असा अर्थ काढतं. शिष्यांचंही तेच झालं असेल तर?

एक थेट प्रश्न. काय सापडलं तर तुम्ही विश्वास सोडाल?

तंतुवाद्य_मिरज:

येशूची हाडं, खात्रीलायक ओळख पटलेली. किंवा पेत्र, याकोब यांच्यापैकी कुणी मागं घेतलं, आम्ही सांगितलं ते खरं नव्हतं, असा त्या काळातला भरवशाचा कागद. मग मी चर्चला जाईन ते फक्त गाण्यांसाठी आणि माणसांसाठी.

शब्बताई झ्वीचं उदाहरण जोरदार आहे, त्याच्यावर मला अजून वाचायचंय. पण त्याच्या लोकांनी जे आधीपासून मानलेलं होतं ते टिकवलं. याकोबानं आणि पौलानं न मानलेलं मानलं. हा फरक मला अजून कुणी समजावून दिलेला नाही.

तुम्हालाही तोच प्रश्न सर. काय सापडलं तर तुम्ही मानाल?

अजिंक्यतारा:

त्याच आठवड्यातली, विरोधकाच्या हातची लेखी नोंद. पिलाताच्या कचेरीतला कागद म्हणा. एक चालेल. पण याकोबाचं काय झालं असेल याचा विचार मी गेले दोन दिवस करतोय हे सांगायला हरकत नाही. भावाच्या मृत्यूनंतर अपराधीपणानं मन फिरलं असेल, असं सध्या म्हणतो.

हळदपेठ_सांगली:

ताई, मला मूळ वाचायचंय, कुठनं सुरू करू? अख्खं बायबल नको, दुकान आहे.

तंतुवाद्य_मिरज:

मार्क घ्या दादा, सगळ्यात लहान आहे, दोन बैठकीत होतो. १६व्या अध्यायाच्या ८व्या वचनाला थांबा, सर म्हणाले तसं. मग करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५वा अध्याय आणि गलतीकरांस पत्राचा पहिला. सरांचे आक्षेप कागदावर लिहून शेजारी ठेवा आणि वाचताना जिथं अडेल तिथं इथंच लिहा. मिरजेला आलात तर पुस्तक माझ्याकडनं न्या.